रुमालाखालचा हात

३० जुलै २०१२, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, मेंदूला चालना मिळते. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या मनातलं लिहा. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलंय. एक बरं आहे, दुसऱ्या कुणाला हे वाचता येणार नाही.

तर मनातलं. मी ज्ञानदेव बिबवे, वय एकसष्ट, राहणार बिबवेवाडी. मार्केट यार्डात फळबाजारात माझा आडतीचा गाळा. मोसंबी आणि डाळिंब. मे महिन्यात गाळ्यावर बसल्या बसल्या झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय परत आला, काठी घेऊन चालतो. जीभही परत आली, तिचं घरात फारसं कौतुक झालं नाही. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबतोय. चिमटा काढला तरी कळत नाही. गाळा भाच्याकडे दिलाय.

घरात आम्ही तिघं. मुलगा चेतन हिंजवडीला कंपनीत आहे. त्याचं काम अमेरिकेच्या घड्याळावर चालतं. दुपारी जातो, आम्ही झोपल्यावर येतो आणि आम्ही उठतो तेव्हा तो झोपलेला असतो. सून रुपाली दुसऱ्या कंपनीत. पूर्वी तीसुद्धा संध्याकाळीच घरी यायची, जूनपासून तिला पहाटेची पाळी लावलीय. तीनला घरी येते. घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर पाळी बदलायची ती अशी. कंपन्यांना काही दयामाया नाही.

ही गेल्याला सहा वर्षं झाली. ती असती तर दिवसभर भांडायला तरी कुणी असतं.

६ ऑगस्ट, सोमवार

आज कॅम्पात गेलो. तिथल्या एका दवाखान्याच्या मागच्या इमारतीत मेंदूवर संशोधन चालतं. झटका आलेली माणसं त्यांना हवी आहेत. माझी कुणाला तरी गरज आहे हे ऐकून बरं वाटलं.

भाग्यश्री गजभिये म्हणून मुलगी आहे. यवतमाळची. पीएचडी करतेय. तिने मला टेबलाशी बसवलं, माझा उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर टीव्हीसारखा एक पडदा आडवा सरकवला. हात झाकला गेला. मग पडद्यावर बरोबर त्याच जागी एक उजवा हात दिसायला लागला. मूठ उघडतोय, मिटतोय, उघडतोय. आधी माझ्या डाव्या हाताचं चित्रण केलं होतं, तेच उलटं करून उजवं केलेलं.

"काका, तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त पाहा," ती म्हणाली. "पाहता पाहता आपला हात हलून राहिला असं वाटते. खरं तर हलत नाही. तो भास आहे. किती वाटलं ते शून्य ते दहामध्ये सांगायचं."

भासाने काय होणार, विचारलं. तिने नीट समजावलं. मेंदूत बघणारा भाग वेगळा, हात हलवणारा वेगळा, हात कुठे आहे ते जाणणारा आणखी वेगळा. धडधाकट माणसात यांचं आपसात सतत बोलणं चालू असतं. झटक्याने ते बोलणं तुटतं. हा भास नीट झाला, तर हात न हलताही ही सगळी परत एकमेकांशी बोलायला लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. एमआरआयमध्ये ते बोलणं मोजता येतं. आधी एक एमआरआय, तीन महिने हा सिनेमा, मग परत एक एमआरआय. मी म्हटलं, हे मशीन आमच्या घरात बसवा, तिथेही तीन माणसं आहेत. ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

मला काही वाटलं नाही. शून्य. पडद्यावर एक हात मूठ उघडतोय मिटतोय, एवढंच. पहिल्या दिवशी असं होतं म्हणाली. तेवढ्यात तिचे साहेब, अभिनव सर, दारातून डोकावले आणि म्हणाले, "तीन बैठकांत काहीच जाणवलं नाही, तर आम्ही नाव कमी करतो. आपलाही वेळ जायला नको, आमचाही." माझ्या वेळेची एवढी काळजी फार दिवसांनी कुणी केली.

सोमवार आणि गुरुवार जायचं आहे. ती रिक्षा मिळेपर्यंत फाटकात उभी राहिली. त्यांच्याकडे तसा नियम असावा.

९ ऑगस्ट, गुरुवार

आजही शून्य. पण मी तीन सांगितलं.

का ते लिहून ठेवतो. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नसत. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहणार, हातांवर रुमाल टाकणार आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबणार. किती बोटं, कुठल्या पेरावर, त्यावर आकडा. भोवती पंधरा माणसं उभी असली तरी कुणाला भाव कळत नाही. तोंड दुसरीकडे ठेवायचं, जांभई द्यायची, पावसाचं बोलायचं. पुढे सरकारने ते बंद करून उघडा लिलाव आणला. आता तर भाव मोबाइलवर येतो. पण मी आणि मंडईतला रंगराव हरपळे, आम्ही शेवटपर्यंत रुमालच वापरला. तीस वर्षं. एवढ्या वर्षांत आम्ही तोंडाने किती बोललो असू ते एका कागदावर मावेल.

तर खोटा आकडा चेहऱ्यावर न दाखवता सांगणं मला नवीन नाही. एकदम दहा सांगितले असते तर तिला संशय आला असता. तीनवरून चढत गेलो की माल खरा वाटतो.

सांगितलं नसतं तर पुढच्या सोमवारनंतर घरीच बसावं लागलं असतं. रुपाली तीनला येते, चहाच्या आधी तेलाची वाटी घेऊन माझ्या उजव्या बाजूला बसते आणि हात चोळते. मी टीव्ही बघतो. ती काय चोळते ते मला कळतही नाही. तेवढंच काय ते दिवसभरातलं माणूस. ते लिहायला लाज वाटते, पण तसं आहे.

२७ ऑगस्ट, सोमवार

आज पाच सांगितले. भाग्यश्री इतकी खूश झाली की उठून अभिनव सरांना सांगून आली. मला थोडं कसंतरी झालं.

दवाखान्याचा कारभार अगदी ढिसाळ आहे. माझ्यानंतरचा पेशंट कधीच येत नाही. दर वेळी ती म्हणते, "आज पुढचं कोणी नाही काका, बसा, चहा घेऊ." मग तासभर बसतो. ती कोथरूडला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहते, तिघी कंपनीत आहेत, रात्रपाळीच्या. म्हणाली, एकमेकींना आम्ही फक्त चपलांवरून ओळखतो. वडील यवतमाळला एसटीत होते. घरात शिकलेली ही पहिली नव्हे, पण एवढं शिकलेली पहिलीच. गाइड म्हणजे हेच अभिनव सर, पुण्याचे, टोमणे मारतात ते तिला घरी गेल्यावर कळतात. मी म्हटलं, मारतानाच कळले तर तो पुणेकर कसला.

जाताना मोसंबी नेली होती. भाच्याने दिलेली, अगदी दुय्यम माल. तरी दिली.

२० सप्टेंबर, गुरुवार

गणपती बसले. घरी आरतीला चेतन होता. आरती झाल्यावर दहा मिनिटं माझ्याजवळ बसला. हात कसा आहे विचारलं. मी म्हटलं, सुधारतोय. तो म्हणाला, ग्रेट. मग त्याचा फोन वाजला.

आज सात सांगितले. "कुठं जाणवते काका? मनगटात का बोटात?" आता हे कुठून काढू? म्हटलं बोटांत. "कोणत्या?" म्हटलं करंगळीत. तिने तेही लिहून घेतलं.

बघायचा मी खरंच प्रयत्न करतो. टक लावून बसतो. तो पडद्यावरचा हात चांगला आहे, माझाच आहे, डाव्या मनगटावरची भाजल्याची खूण पण उलटी होऊन आलीय. पण तो काही माझा उजवा हात वाटत नाही. उघड्यावर नुसती मूठ उघडमीट करणारा हात कुणाचा असतो? असं रिकामं काम मी जन्मात केलेलं नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार

मार्केट यार्डातून एक हमाल भेटायला आला होता. रंगराव कसा आहे विचारलं. म्हणाला, येतो रोज, माल नेतो. म्हणजे मार्केट यार्डापर्यंत येतो. तिथून बिबवेवाडी किती लांब? झटका आला तेव्हा तो समोरच होता म्हणे. त्यानंतर पाच महिने झाले, एकदा फिरकला नाही. तीस वर्षं ज्याचा हात धरला, त्याला माझं घर माहीत नाही असं कसं म्हणू? माहीत आहे. चेतनच्या लग्नाला जेवून गेलाय.

हात गेलेल्या आडत्याकडे खरेदीदाराने कशाला यावं? बरोबरच आहे. वाईट वाटायचं काही कारण नाही. वाटलं मात्र.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

आज बैठक नाही. भाग्यश्री दसऱ्याला नागपूरला गेलीय. दीक्षाभूमीवर तिचे आईवडील दरवर्षी येतात, तिथे भेट होते. सोमवारी येईल.

दिवस संपता संपत नव्हता. दुपारी रुपाली तेल लावताना म्हणाली, "अण्णा, गुरुवारी तुम्ही बोलता तरी. आज एकदम गप्प." मी म्हटलं, रोज नवीन काय बोलणार? ती चोळत बसली बराच वेळ. चहा गार झाला. मला गार चहा चालत नाही हे तिला माहीत आहे.

१ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा एमआरआय झाला. बैठका मात्र वर्षअखेरपर्यंत चालू राहणार आहेत. नळकांड्यात घालतात आणि शेजारी रस्ता फोडत असल्यासारखा आवाज. आत तोच सिनेमाही आरशातून दाखवतात. नऊ सांगितले. भाग्यश्री म्हणाली, आमच्या सगळ्या पेशंटमध्ये तुमचा आकडा सगळ्यात मोठा आहे काका. तुमच्यावरच माझा चॅप्टर उभा राहील.

घरी येताना रिक्षात मला भीती वाटायला लागली. धंद्यात मी फसवलं ते धंद्यातल्या माणसांना. त्यांनीही मला फसवलं. ही पोर धंद्यात नाही.

१२ नोव्हेंबर, सोमवार

फराळ घेऊन गेलो. रुपालीने डबा भरून दिला होता. भाग्यश्री कॉम्प्युटरसमोर बसलेली, डोळे सुजलेले. सर्दी झाली म्हणाली.

घरी कधी निघणार विचारलं. "नाही चालली काका. तिकीट रद्द केलं." का, तर माझा एमआरआय. बघणारा भाग आणि हलवणारा भाग यांच्यात ऑगस्टमध्ये जेवढं बोलणं होतं, तेवढंच आजही आहे. ज्यांनी दोन-तीन सांगितले त्यांच्यात वाढलं, आणि नऊ सांगणाऱ्या माणसात काडीचा फरक नाही. अभिनव सर म्हणाले, एकतर तू फायली उलटसुलट केल्यास, नाहीतर आकडे घरी बसून लिहिलेस. त्यांना ते सगळं परत तपासून हवंय, पहिल्या पेशंटपासून. तोवर तिचं काही पुढे सरकणार नाही.

"माझंच काही चुकलं असंल," ती म्हणाली. "तुम्ही चकली घ्या ना काका."

मी घेतली. माझीच चकली मी तिथे बसून खाल्ली आणि घरी आलो. खरं सांगितलं नाही. आता लिहिताना तीनदा खोडलं, आणि हा तर चांगला हात आहे.

सांगितलं तर जाणं बंद. नाही सांगितलं तर तिचं शिक्षण. यात विचार करायला काय आहे? तरी मी विचार करतोय.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं.

आत गेल्या गेल्या, बसायच्या आधी. म्हटलं, "भाग्यश्री, मला कधीच काही वाटलं नाही. सगळे आकडे खोटे."

तिने पेनाला टोपण लावलं. "ऑगस्टपासून?"

"ऑगस्टपासून."

"करंगळी पण?"

"करंगळी पण."

"काऊन हो काका?"

म्हटलं, नाव कमी केलं असतंत. मग इथे येता आलं नसतं. सोमवार-गुरुवार. मला वाटलं होतं हे बोलताना मी काहीतरी विनोद करेन, पण सुचला नाही. मी पडद्याकडे बघत बसलो. पडदा बंद होता.

ती उठून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही, आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, सरांना सांगावं लागेल. सर आले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बिबवेसाहेब, आपण आम्हाला तीन महिने फुकट करमणूक दिलीत, आभारी आहोत. नाव काढतो आपलं." मग भाग्यश्रीकडे वळून म्हणाले, "फायली तपासायचं थांबव. घरी जाऊन ये." एवढं मात्र चांगलं बोलले.

मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा ती मागून आली. रागावलेली होती. विचारलं, "इतके दिवस चेहऱ्यावर काहीच कसं दिसलं नाही?" मग मी तिथेच जिन्यात उभ्याने तिला रुमालाचं सांगितलं. ऐकता ऐकता ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे काम करताना तुमचा उजवा हात तुम्ही कधी पाहिलाच नाही?"

म्हटलं, बघायचा कशाला? रुमाल कशासाठी असतो?

रिक्षा मिळेपर्यंत आज ती थांबली नाही. नियम बदलला असेल.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवार गेला. आज गुरुवार, तोही गेला. सकाळी सवयीने अंघोळ करून तयार होऊन बसलो होतो. चेतन उठून बाहेर आला, म्हणाला, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही.

३ डिसेंबर, सोमवार

भाग्यश्रीचा फोन आला. यवतमाळहून परत आलीय. म्हणाली, येत्या सोमवारी या. संशोधनासाठी नाही, त्यातून तुमचं नाव गेलं ते गेलं. मला एक करून पाहायचं आहे. रुमाल टाकून, रुमालाखाली दोन हात, असं चित्रण करायचं आणि तुम्हाला तेच दाखवायचं. तुमच्या मेंदूने तो हात नेहमी झाकलेलाच ओळखलाय, उघडा हात त्याला परका वाटत असंल. सरांना विचारलंय. ते म्हणाले, दुपारच्या सुट्टीत काय करायचं ते कर. "पण दुसरा हात पाहिजे काका. ज्याला हे येते असा."

म्हटलं, तसा आता कुणी उरला नाही. ठेवला फोन.

रुपाली शेजारीच होती, तेल लावत. म्हणाली, "रंगरावकाका आहेत ना."

म्हटलं, त्याचं नाव काढू नकोस. मी मेलो की जिवंत आहे हे बघायलाही आला नाही तो.

तिने हात चोळायचा थांबवला. "अण्णा, ते रोज यायचे दवाखान्यात. तुम्ही गुंगीत होता तेव्हा. मंडई उरकून दुपारचे यायचे, चादरीखाली तुमचा हात धरून बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. आठ-दहा दिवस आले, मग एकदम बंद झाले. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी त्या गुंगीतले आवाज आठवून बघितले. नर्सचा आवाज आठवतो, तिचा हात मी डाव्या हाताने झिडकारत होतो म्हणे. रुपालीचं रडणं आठवतं. रंगराव आठवत नाही. बोललाच नाही तर आठवणार कसा?

"कोणता हात?" मी विचारलं.

"हाच की," रुपाली म्हणाली. तिच्या मांडीवर होता तो.

१० डिसेंबर, सोमवार

सगळं नीट लिहितो, दोन दिवस लागले तरी चालतील.

रुपालीने रंगरावला फोन केला होता. तिने आज रजा टाकली आणि मला गाडीने नेलं. वाटेत भाग्यश्रीशी फोनवर बोलताना म्हणत होती, "नाही नाही, सकाळची पाळी मीच मागून घेतलीय." मी मागे बसलो होतो, ऐकू आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

रंगराव फाटकात उभा होता. टोपी, धुतलेला सदरा, खांद्यावर रुमाल. वाळलाय. मला बघितलं आणि नजर खाली घातली. "हाय का बरा?" म्हणाला. म्हटलं, आहे. झालं बोलून. तीस वर्षांत आम्हाला बोलायची सवय नाही, आज कुठून येणार?

भाग्यश्रीने त्याला समजावलं. चित्रण डाव्या हातांचं करायचं, मग कॉम्प्युटरवर ते उलटं करून उजवं दिसेल. रंगराव ऐकून एक पाऊल मागे सरला. "डाव्या हातानं सौदा? न्हाई बाई. डाव्या हातानं भाव करत न्हाईत. आमच्या बापानं केला न्हाई." तिने दहा वेळा सांगितलं की हा खरा सौदा नव्हे, सिनेमा आहे. शेवटी मी म्हटलं, "रंगराव, माझ्याकडे आता एवढाच हात आहे." तेव्हा त्याने खांद्यावरचा रुमाल काढला.

टेबलावर हात ठेवले. रुमाल पडला. वर कॅमेरा. मी सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो, तो खिडकीकडे. त्याचा हात माझ्या हातात आला. डावा असला म्हणून काय, कातडी तीच, मोसंबीच्या पेट्या उघडून फाटलेली. माझ्या हातावर त्याच्या बोटांचा दाब आला आणि मला एकदम कळलं की मे महिन्यापासून मी काय शोधत होतो. पण ते तसं सांगता येत नाही. बोटं बोलत होती आणि मला ऐकू येत होतं, एवढंच.

आधी त्याने सरळ भाव दिला. मी वाढवला. त्याने थोडा चढवला. मग अचानक त्याने नुसती करंगळी दाबली. अगदी शेवटच्या पेरावर. हा भाव नव्हेच. सडक्या मालालाही कुणी एवढ्यात मागणार नाही, हा अपमान. माझा हात विचार न करता खाडकन मागे आला. रुमाल टेबलावरून खाली पडला.

रंगराव रुमाल उचलायला वाकला नाही. तो रडत होता. टोपीवाला सत्तरीचा माणूस, त्या पोरीसमोर, रुपालीसमोर.

"दवाखान्यात रोज ह्योच भाव दिला तुला," तो म्हणाला. "चादरीखाली. म्हटलं, ज्ञानबा मेला असंल तरी एवढ्या भावाला हात काढून घेईल. रोज करंगळी दाबायचो. तू काय हात काढीना. आठ दिस दाबली. मग म्या समजलो, आता ह्यात ज्ञानबा न्हाई. नुसता हात हाय. मग न्हाई येऊ वाटलं."

"डावा धरायचास की," मी म्हटलं. "डावा चालू होता."

"डाव्या हातानं कुणी भाव करतं व्हय?" तो म्हणाला.

 रुपालीने त्याला पाणी दिलं. मी म्हणायला हवं होतं की मला वाटलं तू विसरलास, आणि सात महिने मी तुला शिव्या दिल्या. म्हटलं नाही. इथे लिहितो.

अर्ध्या तासात भाग्यश्रीने चित्र तयार केलं. माझा उजवा हात टेबलावर ठेवला, पडदा त्याच्यावर सरकवला. पडद्यावर रुमाल दिसायला लागला. हात नाहीच, नुसता रुमाल, आणि खाली काहीतरी हलतंय. एक घडी वर येते, एक खाली जाते. माझी नजर आपोआप कॅलेंडरकडे वळायला लागली, तशी ती म्हणाली, "काका, इकडे पाहा." पाहिलं. सरळ भाव गेला. चढ गेली. मला काही वाटत नव्हतं आणि मी ठरवलं होतं की शून्य तर शून्य, आज खरं सांगायचं, मग रिक्षा करून घरी जायचं.

मग पडद्यावरची ती करंगळीची जागा आली. रुमाल जरासा दबला. आणि माझा हात मागे ओढला गेला.

ओढला गेला नाही. भाग्यश्रीने पडदा उचलून दाखवलं, हात होता तिथेच होता, जरासुद्धा हललेला नव्हता. पण मला वाटलं. खांद्यापासून खाली, मे महिन्यानंतर पहिल्यांदा, तिथे कुणीतरी आहे असं वाटलं. फार नाही. एवढंसं.

"किती काका?" ती म्हणाली. तिच्या हातात कागद नव्हता.

"दोन," मी म्हटलं. "दोनच."

तिने पडदा परत खाली ठेवला आणि म्हणाली, हे एकदा झालं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, एमआरआय केल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, आणि केला तरी चॅप्टरमध्ये घालता येणार नाही. मग विचारलं, "परत लावू?"

रंगराव इतका वेळ उभाच होता. तो पुढे येऊन खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला बसला. "काय झालं?" त्याने विचारलं. "काय वाटलं तुला?"

मी त्याच्याकडे तोंड वळवलं. भाव करताना त्याच्या डोळ्यांत मी कधी बघितलं नव्हतं.

"एवढ्या भावात माल मिळणार नाही, रंगराव," मी म्हटलं.